कप्तान जेवला का?

वज्दी मास्तरांना पोहता येत नव्हतं. अम्मानच्या सरकारी शाळेत त्यांनी उभा जन्म भूगोल शिकवला, निळ्या खडूने फळ्यावर सगळे समुद्र काढले, मुलांकडून त्यांची खोली पाठ करून घेतली. पण प्रत्यक्षात पाणी घोट्याच्या वर आलं की त्यांना भोवळ यायची. अशा माणसाच्या दिवाणखान्यात समुद्र मुक्कामाला यावा, ही नियतीने केलेली थट्टाच म्हणायची. आणि नियतीने एकदा थट्टा आरंभली की शेजारीपाजारी हातभार लावायला येतातच. अश्रफिया टेकडीवरचे शेजारी तर त्या कामी फार तत्पर.

समुद्र तसा लहान होता. मास्तरांच्या धाकट्या भावाची, फव्वाजची, काचेची टाकी. तळाला वाळू, वर प्रवाळाचे खडक, त्यांवर गोगलगायी, मधोमध एक समुद्रफूल आणि त्या फुलाच्या कुशीत राहणारा एक मासा. बोटभर लांब, भगवा, अंगावर दोन पांढरे पट्टे. त्याचं नाव कप्तान. फव्वाज अकबाला बोट चालवायचा, काचेच्या तळाच्या बोटीतून परदेशी लोकांना समुद्र दाखवायचा. बायको केली नाही, पोरं नाहीत. जे काही होतं ते हे, आणि तेही फव्वाजच्या डोक्यावर केस होते तेव्हापासूनचं.

हिवाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी फव्वाजचा फोन आला. "दादा, दोन दिवस इस्पितळात चाललोय, छातीची तपासणी आहे. काही विशेष नाही. तू ये फक्त. कप्तानला उपाशी ठेवू नकोस."

मास्तर मिळेल त्या बसने निघाले. ते पोचेपर्यंत फव्वाज तपासणीच्या पलीकडे गेला होता.

दुखवट्याचे तीन दिवस मास्तरांनी सगळं निगुतीने केलं. खुर्च्या मागवल्या, येणाऱ्या प्रत्येकाला कडू कॉफी दिली, कोण कुणाशी बोलत नाही ते पाहून माणसं बसवली. मग टाकी ट्रकवर चढवून अम्मानला आणली आणि सहा गड्यांकडून दिवाणखान्यात ठेवून घेतली. सगळ्यांनी त्यांच्या धीराची तारीफ केली. खरी गोष्ट अशी की रडायला सवडच झाली नव्हती, आणि पुढे ते राहूनच गेलं.

आता माणसाने माणसाशी जसं वागावं तसं माशाशी वागू नये, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं असेल. पण मास्तरांच्या घरात ते पुस्तक नव्हतं. घरात पाहुणा आहे, तोही मेलेल्या भावाने सोपवलेला, म्हटल्यावर त्याला विचारल्याशिवाय घास कसा घ्यायचा? कप्तानही काही लाजाळू नव्हता. कुणी जवळ आलं की फुलातून निघून थेट काचेला नाक लावायचा आणि तोंड उघडझाप करायचा. "कप्तान जेवला का?" हे त्या घरातलं 'कसं काय' होऊन बसलं. पाय पुसण्याआधी पाहुणे ते विचारायचे.

आणि मग शेवाळ आलं.

पहिल्यांदा खडकांवर नुसती हिरवी झाक आली. लोकांनी कौतुक केलं. त्या टेकडीवर हिरवं असं चहातल्या पुदिन्याखेरीज काही दिसत नाही. मग धागे आले, मग दाढी आली, मग न्हाणीघराच्या जाळीत अडकतात तशा केसांच्या गुंतवळी आल्या. समुद्रफूल त्यात गळ्यापर्यंत बुडालं. काच आतून हिरवी झाली. शेवटी वास सुटला, आणि नेमकी तेव्हाच नजूदची सोयरीक ठरत आली.

नजूद ही मास्तरांची एकुलती एक मुलगी. मुलगा रकान, इंजिनियर, चांगल्या घरचा. तोंडी सगळं ठरलं होतं. आता रीतसर मागणी घालायला त्यांच्याकडची जाहा यायची होती, म्हणजे घराण्यातली तीसेक वडीलधारी पुरुषमंडळी, आणि त्यांच्या पुढे मोठा माणूस म्हणून सत्ताम बाशा, फौजेतून निवृत्त झालेले जनरल. येत्या शुक्रवारचा पुढचा शुक्रवार धरला होता.

"शुक्रवारपर्यंत एक तर ते शेवाळ जाईल, नाहीतर ती टाकी जाईल," मास्तरांची बायको फिर्याल म्हणाली. "बाशांच्या नाकासमोर डबकं ठेवून मी मुलगी देणार नाही."

"टाकी जाईल म्हणजे कुठे जाईल?"

"गच्चीवर."

अम्मानच्या जानेवारीत गच्चीवर नळाचं पाणी गोठतं. कप्तानचं काय होणार हे सांगायला भूगोलाचा मास्तर लागत नव्हता. फव्वाजचं जगात उरलेलं एवढं एकच श्वास घेणारं होतं, आणि ते वाचवायला मास्तरांच्या हातात तो शुक्रवार येईपर्यंतचीच मुदत होती.

सल्ला मागावा लागला नाही. वरच्या मजल्यावरच्या उम्म गालिब, ज्या रोज सकाळी कॉफीला यायच्या आणि दुपारी आपण सकाळी आलो होतो हे सांगायला पुन्हा यायच्या, मास्तरांना 'नजूदचे वडील' अशा अर्थी हाक मारून म्हणाल्या, "अबू नजूद, एवढं काय त्यात? दात घासायचा ब्रश घ्या, व्हिनेगर घ्या, आणि घासा. माझी संडासची फरशी बघा."

मास्तरांनी बाह्या सरसावल्या आणि फुलाला व माशाला सांभाळून एकेक खडक घासला. पाणी हिरवं झालं, मग तुकडे खाली बसले, आणि जिथे जिथे तुकडा बसला तिथे तिथे तिसऱ्या दिवशी नवीन दाढी उगवली. पूर्वी शेवाळ खडकांवर होतं, आता वाळूत, नळीत, फिल्टरात सगळीकडे झालं. ब्रश फिर्यालचा होता हे तिला मागाहून कळलं. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखं फारसं काही नाही.

मग तळमजल्यावरचे औषधवाले डॉक्टर सामिह आले. ते डॉक्टर नव्हते, पण पांढरा कोट घालायचे. त्यांनी काचेला कान लावला. का लावला ते कुणी विचारलं नाही.

"संसर्ग आहे," ते म्हणाले. "माझे वडील द्राक्षाच्या वेलींना मोरचूद मारायचे. चिमूटभर टाका. बुरशी, शेवाळ, किडे, सगळं साफ."

"माशाला काही होणार नाही ना?"

"मासा काय बुरशी आहे?"

मोरचुदाने सगळं साफ होतं ही गोष्ट खोटी नव्हती. दुसऱ्या दिवशी गोगलगायी एकेक करून काचेवरून गळून पडल्या. समुद्रफूल आक्रसत आक्रसत सुकलेल्या अंजिराएवढं झालं आणि मग त्याचा नुसता चोथा राहिला. कप्तान बिचारा रिकाम्या जागेभोवती घिरट्या घालत बसला. शेवाळ तेवढं आणखी तरारलं. मास्तरांनी मेलेल्या गोगलगायी चमच्याने काढून पेपरात गुंडाळल्या. फव्वाजने त्या एकेक करून जमवल्या होत्या, आणि प्रत्येक कुठल्या खडकावर सापडली हे तो फोनवर तासन्‌तास सांगायचा. मास्तर तेव्हा 'हं, हं' म्हणत परीक्षेचे पेपर तपासायचे. आता त्यांना त्यातली एकही गोष्ट आठवेना, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"पाणी बदला," डॉक्टर सामिह दुसऱ्या दिवशी म्हणाले, जणू काही मोरचूद दुसऱ्याच कुणी सुचवला होता. "याला घरचं पाणी हवं. परमुलखात कुणाला पचतं?"

हे मात्र मास्तरांना मनापासून पटलं. ते गाडी घेऊन अकबाला गेले, फव्वाज जिथे बोट बांधायचा त्या धक्क्यावर पालथे पडून, डोळे मिटून, डबे भरले आणि परत निघाले. गावाबाहेर जकातीच्या चौकीवर गाडी अडवली गेली.

"डब्यांत काय आहे?" कोवळ्या मिशीचा अधिकारी.

"समुद्र."

"म्हणजे?"

"म्हणजे समुद्राचं पाणी. घरी मासा आहे. त्याच्यासाठी."

अधिकाऱ्याने गाडीकडे पाहिलं, मास्तरांच्या टायकडे पाहिलं आणि आतून मोठ्या अधिकाऱ्याला बोलावून आणलं. मोठ्या अधिकाऱ्याने यादी वर-खाली पाहिली. सिगारेट, दारू, कापड, टायर, सगळ्यांवर जकात होती. समुद्राचा उल्लेख कुठे नव्हता.

"यादीत नाही ते सोडता येत नाही," तो म्हणाला.

"यादीत नाही म्हणजे जकात नाही!"

"जकात नाही म्हणजे मला ती घेता येत नाही. आणि ती घेतल्याशिवाय मला सोडता येत नाही. मास्तर दिसता, तुम्हाला कळायला हवं. बरं, हे पाणीच आहे कशावरून? दारू नाही कशावरून?"

"वास घ्या."

"मी कामावर असताना वास घेत नाही. तुम्ही प्या."

मास्तर घोटभर प्यायले. मोठा अधिकारी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघत होता. "हा डबा झाला," तो म्हणाला. "बाकीचे?"

उभा जन्म फळ्यावर काढलेला समुद्र वज्दी मास्तरांनी असा पहिल्यांदा जवळून अनुभवला, डब्यामागून डबा. शेवटच्या डब्यानंतर दोघांनी त्यांना मोठ्या आदराने रस्ता मोकळा करून दिला. वाळवंटाच्या त्या लांबलचक रस्त्यावर त्यांना गाडी किती वेळा थांबवावी लागली याचा हिशेब त्यांनी कुणालाच सांगितला नाही.

घरी येऊन पाणी ओतलं आणि मास्तर दिवाणखान्यातल्या कोचावर आडवे झाले. पोटात काही ठरेना, म्हणून तिथेच पडून राहिले. आणि त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांना आपल्या दिवाणखान्यात दिवसभर काय चालतं ते दिसलं.

सकाळी फिर्यालने रोटीचा तुकडा जाता जाता टाकीत टाकला. मग नजूद कॉलेजला जाताना डबीतून चिमूटभर खाणं घालून गेली. उम्म गालिब आल्या, कॉफी प्यायल्या, बिस्किटाचा चुरा केला आणि "खा रे बाळा, तुझा धनी गेला" म्हणून पाण्यात सोडला. डॉक्टर सामिह रोगी बघायला आले ते उकडलेलं अंडं घेऊन. गॅसची टाकी पोचवणाऱ्याने विचारलं, "कप्तान जेवला का?" आणि उत्तराची वाट न बघता खिशातले भाजलेले दाणे चावून त्याला दिले. दुपारी उम्म गालिब पुन्हा आल्या.

बाजारात शोभेचे मासे विकणाऱ्या अझ्मीने मास्तरांना पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "खायला कितीदा घालता?" मास्तर म्हणाले होते, "एकदा." ते खोटं बोलले नव्हते. घरातलं कुणीच खोटं बोललं नसतं. जो तो एकदाच घालत होता, आणि कप्तान खात होता त्याच्या दसपट वाळूत सडत होतं. शेवाळ त्याच्यावर पोसलं होतं. म्हणजे अख्ख्या मोहल्ल्याने मिळून पाहुणचार केला होता तो शेवाळाचा.

संध्याकाळी सगळ्यांना बसवून मास्तर म्हणाले, "आजपासून याला कुणी काही घालायचं नाही. चार दिवसांतून एक चिमूट, ती मी घालीन."

फिर्यालने गालाला हात लावला. "या घरात? उपाशी?"

"भावाची ठेव," उम्म गालिब दाराकडे बघत म्हणाल्या, "आणि तिला अन्नावाचून ठेवायची. माझं काय, मी परकी. पण ऐकावं लागतं म्हणून ऐकते."

"बाबा, तो काचेशी येऊन बघतो हो," नजूद म्हणाली.

"बघू दे!"

नियम दुसऱ्या सकाळपर्यंत टिकला. मास्तर नाश्त्याला बसले, तेलात आणि झातरच्या मसाल्यात रोटी बुडवली आणि सहज मान वर केली. कप्तान काचेला नाक लावून उभा होता. आता फूल नव्हतं, गोगलगायी नव्हत्या, त्या हिरव्या गुंत्यात तो एकटाच होता. मास्तरांनी दुसरीकडे तोंड केलं. फव्वाजचा आवाज कानात होता. दोन मिनिटांनी त्यांनी आजूबाजूला कुणी नाही असं पाहिलं, रोटीच्या आतला मऊ भाग तेल न लागलेला बघून काढला, आणि चोरासारखा पाण्यात सोडला. नियम मोडणारा पहिला माणूस तो करणाराच निघाला.

अखेर अझ्मीने शेवटचा उपाय सांगितला. शेवाळाला उजेड लागतो; उजेडच तोडायचा. तीन दिवस टाकी काळ्या कापडाने झाकायची, फट ठेवायची नाही. "पण ते मेलं की सडतं," तो म्हणाला, "आणि सडताना पाण्यातली हवा पिऊन टाकतं. हवेचा पंप जोरात ठेवा आणि काही झालं तरी बंद करू नका. पंप बंद तर मासा गेला." मास्तरांनी हे तीनदा वदवून घेतलं.

झाकायला एवढं मोठं काळं कापड फिर्यालकडेच होतं. तिने बाहेर जाताना अंगावर घ्यायचे आपले दोन अबाये दिले, म्हणजे दात-ब्रशाचं प्रकरण मिटलं असं मास्तरांनी मानलं. टाकी काळ्या कपड्यात गुंडाळली गेली, खिडक्यांचे पडदे ओढले, दिवा बंद झाला. दिवाणखान्यात काळं वस्त्र, अंधार, तीन दिवस. गल्लीत बातमी पसरायला एवढं पुरे होतं. कोपऱ्यावरचा किराणावाला पहिल्या दिवशीच टोपी काढून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "अल्ला त्याच्यावर दया करो. कोण गेलं?" दुसऱ्या दिवशी मशिदीशेजारच्या घरातून भाताचं मोठं ताट आलं, वर अख्खं कोकरू. शाळेतले जुने सहकारी आले आणि खुर्च्या नाहीत म्हणून चुकचुकले. मास्तर सगळ्यांना सांगत होते की कुणी गेलेलं नाही, आणि सगळे त्यांच्याकडे फार करुणेने बघत होते. धक्का बसला की माणूस असंच बोलतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी मास्तर थकले. येईल त्याला कडू कॉफी देऊन मुकाट्याने बसू लागले. त्या काळ्या टाकीजवळ बसून त्यांना आपल्या भावाचा दुखवटा आत्ताच चालू आहे असं वाटायला लागलं, आणि ते सांगण्यासारखं माणूस कुणी दिसेना.

शुक्रवारी सकाळी कापड काढलं. शेवाळ मेलं होतं. करडं, लिबलिबीत, खडकांवरून सुटून लोंबत होतं. पाणी चहासारखं झालं होतं. पण मेलं होतं! कप्तान पंपाच्या बुडबुड्यांजवळ धापा टाकत उभा होता, पण उभा होता. मास्तरांनी सकाळभर बादल्यांनी मेलेलं शेवाळ उपसलं. त्यांना बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

दुपारच्या नमाजानंतर वज्दी मास्तरांचे चुलते हाज्ज मिफलिह आले. घराण्यातले सगळ्यात वडील तेच, मुलीकडून उत्तर द्यायचा मान त्यांचा. या भाषणाची तयारी ते नजूद पाळण्यात असल्यापासून करत होते. फिर्यालने बसायची जागा मोठ्या चातुर्याने लावली होती: मानाची खुर्ची टाकीला पाठ करून, म्हणजे बाशांना टाकी दिसणार नाही. मास्तर आणि काका समोर. म्हणजे टाकी फक्त त्यांनाच दिसणार.

तीस माणसं आली, खोली भरली. मुलीचा बाप म्हणून दाराशी स्वागताला उभे असलेले मास्तर शेवटी जागेवर येऊन बसले. पहिला पेला बाशांना दिला गेला. बाशांनी तो न पिता समोरच्या तिवईवर ठेवला. रीतच ती. मागणी मान्य होईपर्यंत पाहुणा कॉफीला तोंड लावत नाही, आणि तोवर खोलीत कुणी हलत नाही. बाशा उभे राहिले, देवाचं नाव घेतलं आणि दोन्ही घराण्यांच्या पणजोबांपासून सुरुवात केली.

बाशांच्या खांद्यावरून मास्तरांनी टाकीकडे पाहिलं. काहीतरी चुकत होतं. बुडबुडे नव्हते.

बाशांच्या पायांशी विजेची शेगडी लालबुंद पेटली होती.

"काका," ते पुटपुटले, "ती शेगडी कुठे लावलीत?"

"तिथेच मागे. कुठलीशी वायर होती, ती काढली," काका ओठ न हलवता म्हणाले. "ती गुरगुर काय लावली होतीस? बाशांचं भाषण ऐकू यायला नको? आणि थंडीत बसवायचं त्यांना?"

"मी एक मिनिट उठतो."

काकांनी त्यांचा गुडघा असा धरला की कळ डोक्यात गेली. "बस खाली! कॉफी तशीच असताना मुलीचा बाप उठला म्हणजे नकार. माझ्या आत्याच्या वेळी तिचा बाप खोकला आला म्हणून उठला होता. अजून त्या दोन घराण्यांत बोलणं नाही."

बाशा आता आजोबांवर आले होते. दोघांचे आजोबा एका विहिरीवर उंटांना पाणी पाजायचे. एकदा एक उंट हरवला होता. तो उंट फार लांब गेला होता, आणि बाशा त्याच्या मागोमाग निघाले. कप्तान वर आला. पाण्याबाहेर तोंड काढून घास घेतल्यासारखं करू लागला. मागायचा तेव्हा अगदी असंच करायचा. आज अन्न नको होतं त्याला.

उंट सापडला. "...म्हणून तुमची कन्या नजूद हिचा हात आमच्या रकानसाठी मागायला आलोय, आणि तुम्ही हो म्हणेपर्यंत ही कॉफी आम्हाला वर्ज्य आहे!" बाशा बसले. मास्तरांनी श्वास सोडला. आता काकांनी 'कॉफी प्या' एवढे दोन शब्द म्हणायचे.

काका उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "त्या उंटाची आमच्याकडे सांगतात ती हकिगत थोडी वेगळी आहे."

कप्तान एका कुशीवर झाला. पांढरे पट्टे आडवे झाले.

"प्या!" मास्तर उभे राहून ओरडले. "बाशा, कॉफी प्या! पोरगी दिली! पिऊन टाका, आणि बाजूला सरका!"

आतल्या खोलीत बायकांच्या हातून काहीतरी पडलं. तीस माणसं दगड झाली. मास्तर जनरलच्या गुडघ्यांवरून ओणवे झाले, शेगडीची वायर हिसकली, पंपाची लावली, लग्नासाठी शिवलेल्या कोटासकट हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला आणि कप्तानला ओंजळीत घेऊन बुडबुड्यांवर धरलं. बुडबुडे त्याच्या अंगावरून वर जात राहिले. तो हलला नाही. मास्तरांनी त्याला पुढे ढकललं, मागे ओढलं. कल्ले उघडेनात.

आणि मग ते रडायला लागले. हळू नाही. छातीतून, लहान मुलासारखे, जे अकबाच्या दुखवट्यात राहून गेलं होतं ते सगळं. "मी नीट ठेवलं नाही," ते म्हणत होते. "माझ्यावर सोपवलं होतं, आणि मी नीट ठेवलं नाही."

बाशांनी समोरचा पेला उचलला, हुकूम मिळाल्यासारखा एका घोटात रिकामा केला आणि येऊन मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "अबू नजूद," ते भरल्या आवाजात म्हणाले, "मीही मुली दिल्यात. कुठलाच बाप नीट ठेवत नाही. रडा." तीस माणसांनी रुमाल काढले. लेकीवर एवढा जीव असलेलं घर मिळालं म्हणून रकानच्या बापाने जोरात नाक शिंकरलं. काकांचं भाषण राहिलं ते राहिलंच. पुढे त्यांनी मरेपर्यंत पुतण्याला माफ केलं नाही.

मग फातिहा, म्हणजे कुराणातली पहिली प्रार्थना, पढायची वेळ आली. मंगल कार्याला पढतात ती हीच, आणि गेलेल्याच्या नावाने पढतात तीही हीच. सगळ्यांनी तळवे उघडे धरले. मास्तरांनीही धरले. त्यांच्या ओल्या ओंजळीत कप्तान होता, आणि त्यांनी शेवटच्या शब्दापर्यंत नीट पढली. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने ओंजळीत काय आहे ते पाहिलं, मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले.

पुदिन्याच्या कुंडीत कप्तानला पुरलं. 'कॉफी प्या आणि बाजूला सरका' ही अश्रफियात म्हण होऊन गेली. बसमध्ये गर्दी झाली की पोरं ती ओरडायची. नजूद बापाशी बोलेना. मला घालवायची एवढी घाई होती का, असं तिने आईला विचारलं, बापाला ऐकू जाईल अशा आवाजात. मास्तरांकडे उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. मग एका संध्याकाळी ती त्यांच्याशेजारी कोचावर येऊन बसली.

"बाबा, तुम्ही नको म्हणाल्यावरही मी घालत होते त्याला."

"मीही," मास्तर म्हणाले.

टाकी तशीच राहिली, कारण ती हलवायला सहा गडी लागले असते आणि फिर्यालला आता घाई उरली नव्हती. पंप चालू होता. कुणी काही घालत नव्हतं. उरलंसुरलं शेवाळ पिवळं पडलं, विरळ झालं, आणि एके दिवशी नव्हतंच. खडकांचा जांभळा रंग उघडा पडला. पाणी इतकं नितळ झालं की उम्म गालिबना टाकी रिकामी केली असं वाटून त्यांनी आत बोट बुडवून पाहिलं.

लग्नाची तारीख काढायला बाशा आले तेव्हा उम्म गालिब आणि डॉक्टर सामिह बसलेलेच होते. बाशांनी या खेपेला टाकीकडे तोंड करून खुर्ची घेतली.

"वा! काय सुरेख ठेवलंय! मागल्या वेळी त्या रडारडीत माझं लक्षच गेलं नाही."

"व्हिनेगर," उम्म गालिब म्हणाल्या.

"मोरचूद," डॉक्टर सामिह म्हणाले. "जरा उशिरा लागू पडतो, पण मुळापासून."

बाशांपुढे खजुराच्या करंज्यांची बशी आली. एक उचलून तोंडाशी नेताना त्यांचं लक्ष पुन्हा टाकीकडे गेलं आणि ते थबकले. कुणाच्या समोर एकट्याने खाणं त्यांच्या घरातही कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी कोपऱ्याचा एक तुकडा मोडला, उठून पाण्यावर धरला आणि खडकांच्या फटींतून वाकून पाहिलं.

"दिसत नाही. लपलाय वाटतं," ते म्हणाले. "जेवलाय का तो?"

फिर्यालने मान खाली घातली. उम्म गालिबनी बांगड्या मागे सारल्या. नजूद दारात उभी होती, ती बापाकडे बघत होती.

"जेवलाय, बाशा," वज्दी मास्तर म्हणाले. "आता तिथे उपाशी कुणी नाही."

"मग बरं," बाशा म्हणाले, आणि तो तुकडा त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला. मास्तरांनी किटली उचलून त्यांचा पेला भरला.